घर विकतांना : योग्य गिऱ्हाइकाचा शोध

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. घर उभारतांना माणसाची किती दमछाक होते हें त्या म्हणींत सांगितलें आहे. परंतु तेंच घर पुढें केव्हां तरी विकावें लागलें तर काय होतें, याविषयीं म्हण कांहींच बोलत नाहीं. ज्या काळांत ती रूढ झाली त्या काळीं राहतें घर विकणें ही संसाराला उतरती कळा लागल्याची खूण समजली जाई. आज तशी स्थिति नाहीं. मुलें दुसऱ्या शहरांत किंवा परदेशांत स्थायिक होतात, आईवडिलांना जिने चढवत नाहींत, कुटुंब वाढतें किंवा लहान होतें, आणि चांगल्या खात्यापित्या घरांवरही राहती जागा विकण्याचा प्रसंग येतो. मात्र हा प्रसंग आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां येतो. म्हणून त्याचा अनुभव कोणाच्या गांठीं नसतो. भाजी विकणारी बाई दिवसाकांठीं शंभर गिऱ्हाइकें पाहते व तिला माणूस ओळखतां येतो. घर विकणारा गृहस्थ पहिल्याच गिऱ्हाइकापाशीं अडखळतो. आणि त्याची चूक भाजीच्या जुडीएवढी नसते, ती जन्माच्या कमाईएवढी असते.

विषय नीट समजण्यासाठीं एक काल्पनिक घर डोळ्यांसमोर आणावें. पुण्याच्या जुन्या पेठेंत सन १९८५ च्या सुमारास बांधलेली एक इमारत आहे. तिला लिफ्ट नाहीं. सर्वांत वरच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन शयनगृहें, दिवाणखाना व स्वयंपाकघर अशी एक जागा आहे. घरचे यजमान निवर्तले. मागें त्यांची वृद्ध पत्नी, बंगळुरास नोकरीला असलेला मुलगा आणि नाशकास दिलेली मुलगी. आईंना जिने चढवत नाहींत, म्हणून जागा विकण्याचें मुलाच्या मनांत येतें. तो दोन दिवसांच्या रजेवर येतो, मोबाइलवर चार छायाचित्रें घेतो, ‘मोक्याची जागा, तातडीनें विकणें आहे’ अशी जाहिरात देतो आणि परत जातो. जाहिरातीला उत्तरें पुष्कळ येतात. त्यांत दलाल असतात, नुसते चौकशीखोर असतात, आणि ‘तातडीनें’ या शब्दावर नजर ठेवून भाव पाडणारेही असतात. ज्याला ती जागा खरोखर हवी असा माणूस त्या गर्दींत सांपडत नाहीं. तीन महिने लोटतात, आई येणाऱ्याजाणाऱ्यांना दारें उघडून थकतात, आणि घर होतें तेथेंच राहतें.

येथें चूक जाहिरातीच्या आधींच झालेली आहे. घर विकावयास काढण्यापूर्वीं पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो हा, कीं घर कोणाचें? सहकारी गृहरचना संस्थेच्या दप्तरीं वडिलांनीं मुलाच्या नांवाचें नामनिर्देशन केलेलें असतें, आणि त्यावरून मुलगाच मालक झाला अशी घरांतल्या सर्वांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. नामनिर्देशित मनुष्याच्या नांवें संस्था जागा करून देते, पण तेवढ्यानें इतर वारसांचा हक्क बुडत नाहीं. हिंदु पुरुष मृत्युपत्र न करतां वारला तर सन १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें त्याची पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वांटा मिळतो. मृताची आई हयात असल्यास तिलाही मिळतो. म्हणजे या घराच्या विक्रीला नाशकाच्या मुलीची सही लागणारच. ती एक तर आपला वांटा घेऊन खरेदीखतावर सही करील, किंवा स्वखुशीनें नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. कोणता मार्ग घ्यावयाचा हें तिनें ठरवावयाचें आहे, भावानें नव्हे. आपलें माहेर विकावयास निघालें आहे हें मुलीला जाहिरातींतून कळावें याहून क्लेशदायक गोष्ट नाहीं. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेंही त्यासारखी घातक नाहीं. कारण खरेदीदाराचा वकील पहिल्याच दिवशीं वारसांची यादी मागतो, आणि ती अपुरी दिसतांच चांगलें गिऱ्हाईक निमूटपणें निघून जातें.

वारसांचें एकमत झालें म्हणजे कागदपत्रांकडे वळावें. जागेचा मूळ करारनामा व खरेदीखत, नोंदणी कचेरींतील सूची क्रमांक २ चा उतारा, संस्थेचें भागप्रमाणपत्र, महानगरपालिकेचें भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराच्या व विजेच्या भरलेल्या पावत्या, संस्थेची येणें बाकी नसल्याचा दाखला, आणि जागेवर पूर्वीं कर्ज काढलें असेल तर तें फिटल्याचें बँकेचें पत्र, एवढें एका फायलींत लावून ठेवावें. पुष्कळांना हें काम वकिलाचें वाटतें. जाहिरातीशीं त्याचा काय संबंध, असें ते विचारतात. संबंध फार जवळचा आहे. आज मध्यम स्थितींतील बहुतेक कुटुंबें बँकेच्या कर्जावांचून घर घेऊं शकत नाहींत, आणि बँक कागद पाहिल्यावांचून कर्ज देत नाहीं. एक दाखला हरवलेला असला म्हणजे कर्ज काढून घर घेणारे सगळे पगारदार लोक एकदम बाजूला होतात. मग उरतात ते ज्यांच्या हातीं रोकड आहे ते. आणि अडलेल्या माणसाचें घर किती स्वस्तांत घ्यावें हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. कागदाची उणीव अशा रीतीनें शेवटीं किंमतींतून वसूल होते.

यानंतर दुसरा प्रश्न येतो : हें घर कोणासाठीं आहे? विकणाऱ्याला वाटतें कीं आपलें घर सर्वांना आवडावें. पण सर्वांसाठीं असें घर नसतेंच. तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली जागा गुडघे दुखणाऱ्या जोडप्याला दाखवून उपयोग नाहीं. मोटारीला जागा नसेल तर दोन मोटारींच्या कुटुंबाला बोलावण्यांत दोघांचीही सकाळ फुकट जाते. उलट त्याच घराला वरून येणारा उजेड आहे, पायीं जाण्याच्या अंतरावर शाळा, मंडई व ग्रंथालय आहे, शेजार जुना व ओळखीचा आहे. या गोष्टींची किंमत कोणाला कळेल? ज्यांचीं मुलें शाळेंत जाण्याच्या वयाचीं आहेत अशा तरुण जोडप्याला. पेठेंत दुकान किंवा दवाखाना असलेल्या माणसाला. घरांतून काम करणाऱ्या एकट्या बाईला. अशीं दोन तीन कुटुंबें मनाशीं आणून, त्यांच्या नजरेनें घर पुन्हा एकदां फिरून पाहावें. आजवर ज्याकडे लक्ष गेलें नव्हतें अशा कित्येक गुणांची आणि दोषांची मग आठवण होते.

तिसरा प्रश्न किंमतीचा. येथें प्रेम आड येतें. ज्या खोलींत मुलें लहानाचीं मोठीं झालीं तिला मालकाच्या मनांत जें मोल असतें तें बाजारांत नसतें. शेजाऱ्यानें सांगितलेला आंकडाही खरा मानूं नये, कारण तो बहुधा मागितलेल्या किंमतीचा असतो, मिळालेल्या किंमतीचा नव्हे. खरा आधार म्हणजे त्याच गल्लींत, तशाच वयाच्या इमारतींत, अलीकडे नोंदलेले व्यवहार. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ ची माहिती शोधतां येते, आणि तींत मोबदल्याची रक्कम दिलेली असते. शासन दर वर्षासाठीं बाजारमूल्याचे जे दरतक्ते काढतें, ज्यांना लोक रेडी रेकनर म्हणतात, ते मुद्रांकशुल्क ठरविण्यासाठीं आहेत. शुल्क करारांतील किंमत व तक्त्यांतील मूल्य यांपैकीं जें अधिक त्यावर पडतें. बाजारभाव त्या तक्त्याहून वर किंवा खालीं असूं शकतो. किंमत वाजवीहून फार चढी लावून ‘मागाहून उतरूं’ म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं पहिल्या पंधरवड्यांत जे लोक जाहिरात पाहतात तेच खरे गरजू असतात. त्यांनीं एकदां तोंड फिरविलें म्हणजे ते परत येत नाहींत. आणि पुढें किंमत उतरविली कीं लोक विचारूं लागतात, या घरांत असें काय आहे कीं तें खपत नाहीं? शिवाय २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्यावरील कराची आकारणी बदलली आहे. म्हणून हातीं काय उरेल याचा हिशेब जाणत्या माणसाकडून किंमत ठरविण्याआधींच करून घ्यावा.

मापाविषयीं लपवाछपवी बिलकूल नसावी. इमारतीचा जिना, भिंतींची जाडी, मधली मोकळी जागा हें सारें धरून क्षेत्रफळ फुगविण्याची रीत पूर्वीं फार होती. सन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें चटईक्षेत्राची व्याख्याच दिली : बाहेरच्या भिंती, नळ वगैरेंचे उभे मार्ग, गॅलरी व उघडी गच्ची वगळून, पण आंतल्या आडभिंती धरून, जेवढी जमीन वापरतां येते तें चटईक्षेत्र. जुन्या जागेच्या विक्रींतही हेंच माप सांगणें सोयीचें. फीत लावून खोल्या मोजाव्या व आंकडा लिहून ठेवावा. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट होतात. म्हणजे साठ चौरस मीटरांची जागा सुमारें ६४६ चौरस फूट भरते.

आतां जाहिरात. आपल्या कल्पनेंतील घराची जाहिरात अशी असावी : ‘सदाशिव पेठ, पुणें. तिसरा मजला, लिफ्ट नाहीं. चटईक्षेत्र ६० चौरस मीटर. पूर्वेस गॅलरी वेगळी. दोन शयनगृहें, दिवाणखाना, स्वयंपाकघर. इमारत १९८५ ची, संस्था नोंदलेली. दुचाकीपुरती जागा आहे, मोटारीसाठीं नाहीं. कागदपत्रें तयार, कर्ज नाहीं. किंमत अमुक. पाहण्याची वेळ शनिवार-रविवार सकाळीं ९ ते १२.’ या मजकुरांत एकही विशेषण नाहीं. ‘लिफ्ट नाहीं’ हे दोन शब्द वाचून पुष्कळ लोक पुढें येणार नाहींत. आणि तेंच हवें आहे. जे येतील ते जिन्याची गोष्ट जाणून येतील, आणि तिसऱ्या मजल्यावर धापा टाकीत भाव पाडूं लागणार नाहींत. किंमत गुप्त ठेवण्याचीही पद्धति आहे. पण तिच्यामुळें नुसत्या चौकशीचे फोन वाढतात, गिऱ्हाईक वाढत नाहीं.

छायाचित्रें सकाळच्या उजेडांत, खिडक्या उघडून, खोलीच्या कोपऱ्यांतून छातीच्या उंचीवर यंत्र धरून घ्यावीं. दोरीवरचे कपडे, औषधांच्या बाटल्या, कॅलेंडरें आधीं काढावीं. त्यांबरोबर दागिन्यांचें कपाट, दाराचें कुलूप, कुटुंबाचीं छायाचित्रें आणि कागदपत्रें हींही चित्रांत येऊं देऊं नयेत. तीं कोणाच्या नजरेस पडतील याचा नेम नसतो. एक चित्र जिन्याचें व एक बाहेरच्या रस्त्याचें अवश्य असावें. खोल्या मोठ्या भासविणारीं भिंगें वापरूं नयेत. दारांत पाऊल टाकतांच ज्याचा विरस झाला तो मागाहून दाखविलेल्या गुणांवरही विश्वास ठेवीत नाहीं.

घर सजविण्याविषयीं एवढेंच सांगतां येईल कीं दुरुस्ती करावी, रंगसफेती बेताची करावी. गळका नळ, न लागणारी कडी, फुटकी काच, जळालेला दिवा या गोष्टी थोड्या खर्चांत सुधारतात. आणि त्या तशाच राहिल्या तर पाहणाऱ्याला वाटतें कीं दिसणाऱ्या गोष्टींची ही निगा, तर न दिसणाऱ्यांची काय असेल? जास्तीचें सामान हलविलें म्हणजे खोली आपोआप मोठी दिसते. पण नवें स्वयंपाकघर बसवून त्याचा खर्च किंमतींत मिळेल अशी आशा करूं नये. नव्या गृहिणीला तें आपल्या मनाप्रमाणें करावयाचें असतें.

येथें या साऱ्या विषयाचा अवघड भाग येतो. या घराच्या पश्चिमेकडील खोलीच्या छताला पावसाळ्यांत ओल येते. गच्चीचें काम जुनें झालें आहे. मार्च महिना आहे. रंग दिला तर डाग दिसणार नाहीं, आणि जूनपूर्वीं व्यवहार उरकला तर कोणाला कळणारही नाहीं. मुलगा म्हणतो, ‘आई, सगळेच असें करतात.’ आईंनीं चाळीस वर्षें त्या शेजारांत काढलेलीं असतात. येणारें कुटुंब पहिल्याच आषाढांत पातेलें लावून बसणार हें त्यांना दिसत असतें.

कायदा या बाबतींत आईंच्या बाजूला आहे. सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम सांगतें कीं मिळकतींत किंवा तिच्या मालकीहक्कांत जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाहीं आणि साधारण दक्षतेनें त्याला कळूंही शकत नाहीं, तो विकणाऱ्यानें उघड केलाच पाहिजे. न करणें ही फसवणूक होय. गिऱ्हाइकानें विचारलें नाहीं म्हणून सांगितलें नाहीं, हें उत्तर तेथें चालत नाहीं. छताखालीं रंगानें झांकलेली ओल हा त्यांतलाच प्रकार आहे. मुंबईंत तळमजल्याची जागा घेणारा जाणता माणूस २६ जुलै २००५ रोजीं येथें पाणी कुठवर चढलें होतें असें विचारतो. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पुण्यांत नदीकांठच्या घराविषयीं जुनीं माणसें १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची आठवण काढतात, तर ओढ्याकांठचीं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीची. अशा प्रश्नांना सरळ उत्तर द्यावें.

आणि सत्य सांगण्यानें घर विकलें जात नाहीं ही समजूतही खरी नाहीं. गच्चीच्या कामाचा अंदाज एखाद्या कंत्राटदाराकडून लेखी घ्यावा, संस्थेनें तें काम केव्हां करावयाचें ठरविलें आहे तो ठराव जोडावा, आणि दोन्ही कागद गिऱ्हाइकापुढें ठेवावे. अज्ञात दोषाची भीति मोठी असते. ज्ञात दोषाला खर्चाचा आंकडा असतो, आणि आंकड्यावर बोलतां येतें. किंमतींत थोडी सूट द्यावी लागेल. पण त्या सुटीच्या बदल्यांत पुढची कोर्टकचेरी आणि मनाची टोंचणी दोन्ही टळतात.

घर दाखवितांना बोलणारा एकच असावा. खोली दाखवून थोडें बाजूला व्हावें. पाहणाऱ्यांना आपसांत कुजबुजण्यास अवधि द्यावा. नळ सोडून पाहूं द्यावा, खिडकी उघडूं द्यावी. पाणी केव्हां येतें, शेजारच्या मंगलकार्यालयाचा आवाज किती येतो, हें न विचारतां सांगावें. आपली निकड सांगूं नये. अनोळखी माणसांना घर दाखवितांना वृद्ध बाईंना एकटें ठेवूं नये, आणि येणाऱ्याचें नांव व दूरध्वनि क्रमांक लिहून घ्यावा. मध्यस्थ नेमला तर त्याची दलाली, जी बहुधा किंमतीच्या एक ते दोन टक्के असते, आणि मुदत या दोन्ही गोष्टी आरंभींच लेखी ठरवाव्या.

शेवटीं समजा, तीन गिऱ्हाइकें पुढें आलीं. एक जण सर्वांत अधिक रक्कम बोलतो, पण तिचा एक भाग रोख घ्या म्हणतो. दुसऱ्याचें स्वतःचें घर विकल्यावर पैसे येणार आहेत. तिसरें जोडपें थोडी कमी किंमत देतें, पण बँकेचें कर्जमंजुरीचें पत्र त्यांच्या हातीं आहे. यांत योग्य कोण? रोखीचा मोह प्रथम सोडावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारांत २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा होऊं शकतो. दुसऱ्याची वाट पाहावयाची तर मुदत घालून पाहावी. तिसऱ्याची कमी रक्कम वेळेवर हातीं पडण्याचा संभव सर्वांत अधिक. योग्य गिऱ्हाईक म्हणजे ज्याची गरज या घराशीं जुळते, ज्याला घराचे दोष माहीत आहेत, आणि जो ठरलेल्या दिवशीं ठरलेले पैसे देऊं शकतो. त्याची जात, धर्म किंवा ताटांतील जेवण यांचा या योग्यतेशीं संबंध नाहीं. संस्थेचे पदाधिकारी तसें सुचवूं लागले तर सन १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचें २३ वें कलम त्यांना दाखवावें. पात्र माणसाला पुरेशा कारणावांचून सभासदत्व नाकारतां येत नाहीं असें तें सांगतें.

विसार घेतांना साठेखत लेखी करावें, त्यांत हप्ते, ताब्याचा दिवस आणि व्यवहार मोडल्यास विसाराचें काय, हें लिहावें. किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून सरकारांत भरतो. ती रक्कम बुडाली असें समजूं नये, ती विकणाऱ्याच्या खात्यावर जमा धरली जाते. विकणारा परदेशीं राहत असेल तर नियम निराळे आहेत. मुलाला नोंदणीस येतां येत नसेल तर मुखत्यारपत्र देतां येतें. परंतु मुखत्यारपत्रानें विक्री पुरी होत नाहीं, त्यासाठीं नोंदणीकृत खरेदीखतच हवें, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें स्पष्ट केलें आहे. खरेदीखत सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत नोंदणीस सादर करावें लागतें.

किल्ली देण्याचा दिवस येतो तेव्हां पैसे पूर्ण पोहोंचल्याची खात्री करून घ्यावी, मगच किल्ली हातीं द्यावी. तिच्याबरोबर एक कागदही द्यावा. त्यावर पाण्याची मुख्य तोटी कोठें आहे, विजेचा कोणता खटका कोणत्या खोलीचा, नळकाम करणारा भरंवशाचा माणूस कोण, गच्चीची किल्ली कोणाकडे असते आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना संध्याकाळीं कोणत्या वेळीं हांक मारावी, एवढें लिहिलेलें असावें. चाळीस वर्षें ज्या घरानें एका कुटुंबाला सांभाळलें तें घर दुसऱ्या कुटुंबाला अनोळखी राहूं नये, यासाठीं हा कागद. आई तो मुलीकडून लिहून घेतात, आणि जिना उतरतांना या वेळीं तिचा हात धरतात.